फरणची फोडणी

मैत्रिणींनो, बद्रीनाथला जाऊन आलेलं माणूस घरी काय काय आणतं ते तुम्हांला सांगायला नको. गंगेच्या पाण्याचा बंद गडू, तुळशीची माळ, चण्याच्या डाळीचा प्रसाद आणि शेजारणींसाठी एकसारख्या अंगठ्या. आम्हीही हे सगळं आणलं. पण त्याशिवाय माझ्या पिशवीत वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी होती. आज मी लिहिणार आहे ते त्या पुडीबद्दल.

आमचं घर निफाड तालुक्यातलं, म्हणजे लासलगावच्या बाजाराच्या अगदी पंखाखालचं. इथं मुलांना अक्षरओळख व्हायच्या आधी पोळ, रांगडा आणि उन्हाळ हे कांद्याचे तीन प्रकार कळतात. भाव पडला की शाळेच्या फिया थकतात, आणि मी अर्धवेळ शिकवते त्या वर्गात ते मला पहिल्यांदा समजतं. मामंजी जेवताना मुठीनं कांदा फोडून भाकरीशी खात. सुरीनं चिरलेला कांदा त्यांना चालत नसे. ते गेल्यावर सासूबाईंनी एकच इच्छा बोलून दाखवली होती. त्यांचं पिंडदान बद्रीनाथला ब्रह्मकपाळावर व्हावं, म्हणजे पुन्हा पुन्हा करावं लागत नाही, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. म्हणून 2022 च्या पितृपक्षात, गणपती पोचवून झाल्यावर, आम्ही निघालो. सासूबाई, आमचे हे, धाकटा मुलगा आणि मी.

सासूबाईंचा चातुर्मास फार कडक. आषाढातल्या कांदेनवमीला भजी, थालीपिठं आणि भरली कांदी करून सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं. त्यानंतर कार्तिकी एकादशीपर्यंत त्यांच्या ताटात कांदा-लसूण नाही. त्यातून आता पितृपक्ष आणि यात्रा. प्रवासात हॉटेलच्या पोऱ्याला त्या तीनतीनदा विचारून घेत, "कांदा नाही ना रे बाबा?" त्याला मराठी कळत नसे, मग मी "प्याज, लहसुन" असं हाताने नाही-नाही करून सांगायची.

हरिद्वारपासून वर जाणारा रस्ता कसा आहे ते वेगळं सांगत नाही, पुष्कळजणींनी पाहिला असेल. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे संगम एकामागून एक येत राहतात आणि पाण्याचा रंग बदलत जातो. पावसाळा सरत आला होता तरी दरड कोसळून दोनदा खोळंबलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जोशीमठला पोचलो तेव्हा सासूबाईंना बसवत नव्हतं. एका घरगुती निवासात खोल्या मिळाल्या. पुढं 2023 च्या जानेवारीत जोशीमठच्या घरांना भेगा पडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मला पहिल्यांदा त्या घराची चूल आठवली. फार स्वच्छ होती.

त्या रात्री घरमालकिणीनं भात, बटाट्याची भाजी आणि उडदाची पातळ डाळ केली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रीतसर विचारलं, प्याज-लहसुन नाही ना? त्या म्हणाल्या, "ना बहनजी, यात्रियों को नहीं देते." आणि मग त्यांनी पळीत तूप तापवलं, डब्यातून चिमूटभर काहीतरी वाळकं, काडीकचऱ्यासारखं घेतलं, तुपात टाकलं आणि ती पळी चर्रकन डाळीत बुडवली. काय वास सुटला म्हणून सांगू! हिंग म्हणावं तर हिंग नाही, लसूण म्हणावा तर तितका उग्र नाही. आमच्या सासूबाईंनी, ज्या प्रवासात दोन घासांवर उठत होत्या, डाळ दोनदा मागून घेतली. "काय घातलंय गं?" मी विचारलं. उत्तर मिळालं, "फरण." औषधी पाला असेल असं समजून आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ. तप्तकुंडात स्नान, दर्शन, ब्रह्मकपाळावर विधी. अलकनंदेच्या काठी तो दगडी घाट आहे, पाणी अंगावर येईल असं वाहतं. सासूबाई विधी होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री इतकंच म्हणाल्या, "झालं बाई सुटसुटीत."

तिसऱ्या दिवशी हातात सकाळ मोकळी होती म्हणून तीन किलोमीटरवरच्या माणा गावी गेलो. तेव्हा वेशीवर भारतातलं शेवटचं गाव अशी पाटी होती. पुढच्याच वर्षी, 2023 मध्ये, ती बदलून पहिलं गाव अशी लावली. मला ते आवडलं. गाव तेच, नुसतं उलटीकडून मोजलं. सासूबाईंना कंडीत बसवलं. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली, त्यात माणूस बसवून हमाल चढ चढतात. त्यांना फार लाज वाटली, पण गुडघ्यांपुढं इलाज नव्हता. व्यासगुंफा, भीमपूल, सरस्वतीचा तो कानठळ्या बसवणारा प्रवाह, सगळं पाहिलं.

गाव भोटिया लोकांचं आहे. दगडी घरं, दारोदार बायका लोकरीचं काहीतरी विणत बसलेल्या. पूर्वी ही माणसं मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून खिंडीपलीकडे तिबेटात जात आणि मीठ, लोकर घेऊन येत. 1962 च्या युद्धानंतर तो व्यापार बंद पडला. हिवाळ्यात गाव बर्फाखाली जातं तेव्हा सगळे कुलपं लावून खाली उतरतात. चिपको आंदोलनातल्या गौरादेवींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 26 मार्च 1974 ला रेणी गावच्या बायकांना घेऊन त्या झाडं तोडायला आलेल्यांसमोर उभ्या राहिल्या. त्याही भोटियाच, जोशीमठहून दुसऱ्या फाट्यानं जाणाऱ्या नीती खोऱ्याच्या बाजूच्या.

एका दारात माझ्या सासूबाईंच्याच वयाच्या एक आजी बसल्या होत्या. पुढ्यात टोप्या, मोजे, राजमा आणि कागदावर पसरलेला तोच वाळका काडीकचरा. मी ओळखलं, "फरण ना?" आजी खूश झाल्या. मी पुडी बांधायला सांगितली. इतक्यात कंडीतून उतरलेल्या सासूबाईंनी वाकून त्यातलं एक वाळलेलं बोंड उचललं. बोटांवर चोळलं, हुंगलं, डोळ्यांजवळ नेलं. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "अगं, हा तर कांद्याचा डेंगळा आहे."

शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगते. कांदा पहिल्या वर्षी गड्डा धरतो. तो उपटला नाही, किंवा जपून ठेवून पुन्हा लावला, तर मधून एक पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचा गेंद धरतो. तो डेंगळा. मधमाश्या त्यावर बसल्या, फुलं वाळली की त्यात काळं बी तयार होतं, त्याला आमच्याकडे उळे म्हणतात. पुढच्या सालचा सगळा कांदा त्या उळ्यात असतो. आजींच्या कागदावरचे गेंद आपल्या डेंगळ्याच्या मानानं इवलेसे होते, पण घडण तीच.

माझ्या पोटात गोळा आला. परवा रात्री, नवऱ्याच्या पिंडदानाच्या आदल्या रात्री, चातुर्मासात, यांना आपण कांदा खाऊ घातला. तोही दोनदा वाढून! मी विचारूनच घेतलं होतं हो, पण ते आता कुणाला सांगायचं? माझा चेहरा पाहून आजी म्हणाल्या, "प्याज थोड़े ही है, ये तो फरण है." त्यांच्या मते फरण वेगळं आणि कांदा वेगळा. यावर आमचे हे हसले, आणि मी त्यांच्याकडे पाहिल्यावर गप्प झाले.

सासूबाई मात्र पापपुण्याचं काहीच बोलल्या नाहीत. त्या आजींच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "विचार यांना, डेंगळा खुडून विकता, मग उळे कुठून धरता?"

मैत्रिणींनो, मी बी.ए. झाले आहे, पर्यावरणाचा धडा वर्गात दरवर्षी शिकवते. पण हा प्रश्न मला सुचला नव्हता, तो चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला सुचला.

आजींना प्रश्न कळला तशा त्या उठल्याच. आम्हांला घराच्या मागं घेऊन गेल्या. दगडांच्या गडग्याआत बटाटे, कोबी आणि एका कोपऱ्यात दोन हात लांबरुंद वाफा. बारीक पातीचे दाट झुपके, बरेचसे पिवळे पडत आलेले. हे घरचं फरण. गड्डे जमिनीतच राहतात, हिवाळाभर बर्फाखाली झोपतात आणि बर्फ वितळला की पुन्हा फुटतात. झुपका मोठा झाला की उकरून, गड्डे सुटे करून पुन्हा लावायचे. पात हवी तेवढी कापायची, पुन्हा वाढते. फुलं खुडून वाळवायची. गड्डा जागेवर आहे तोवर हे झुपके वर्षानुवर्षं चालतात.

"आणि डोंगरावरचं?" मी विचारलं. आजींनी वरच्या हिरव्या उताराकडे हात केला. त्या कुरणांना तिकडे बुग्याल म्हणतात. त्यांच्या लहानपणी नंदाष्टमीच्या आधी बुग्यालातल्या कशालाही हात लावायचा नाही असा दंडक होता. भाद्रपदातली ही अष्टमी येईपर्यंत पुष्कळशी फुलं पिकून बी खाली पडलेलं असे. आता, त्या म्हणाल्या, बाहेरचा माणूस पोतं घेऊन येतो, तो नंदाष्टमी कशाला पाहील? कुणी फुलं खुडायच्या ऐवजी घाईनं ओढतात, मग गड्डाच हाताशी येतो. तो आला की संपलंच. "पहले यहीं पास में मिलता था," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तो हात वर केला, या वेळी अधिक उंचावर.

सासूबाईंना हे सगळं भाषांतराशिवाय कळलं असावं. त्या त्या वाफ्यापाशी बराच वेळ बसून होत्या. गड्ड्याची माती बोटानं उकरून पाहिली आणि पुन्हा नीट दाबून ठेवली. निघताना आजींनी मला विचारलं, पुडी डोंगरावरची देऊ की घरची? मी घरची घेतली. ती थोडी महाग होती. खरं सांगायचं तर दोन्हींत मला डोळ्यांनी काही फरक कळला नाही, आजींच्या शब्दावर घेतली.

घरी आल्यावर इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंकडे मी ती पुडी घेऊन गेले. त्यांनी मला पुस्तकं काढून दिली. गढवालात ज्याला फरण आणि कुमाऊंत जंबू म्हणतात त्याचं शास्त्रीय नाव अॅलियम स्ट्रेची. अॅलियम म्हणजे कांदा-लसणाचं कूळ. रिचर्ड स्ट्रेची या इंग्रज अधिकाऱ्यानं 1848 च्या सुमारास या डोंगरांतून वनस्पती गोळा केल्या होत्या, त्याचं नाव बेकर या शास्त्रज्ञानं 1874 मध्ये याला दिलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भोटिया बायकांच्या फोडणीत असलेल्या कांद्याला नाव मिळालं ते साहेबाचं! असो. नेपाळात मुस्तांगकडे जंबू म्हणून विकतात ते याचेच भाऊबंद, पण वेगळ्या जातीचे. आणि आपल्या सह्याद्रीत ज्याला रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो विषारी आहे, नावावर जाऊन कुणी फोडणीत घालू नका, बरं का.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं 1987, 1988 आणि 1990 मध्ये तीन खंडांत एक ग्रंथ काढला. नाहीशा होऊ लागलेल्या भारतीय वनस्पतींची ती यादी आहे. त्यात आपलं फरण 'असुरक्षित' या सदरात आहे. म्हणजे अजून आहे, पण असंच चाललं तर फार दिवस राहीलच असं नाही. बाईंनी कारणही सोप्या भाषेत सांगितलं. डोंगरावर बियांपासून उगवलेल्या रोपाला फुलावर यायला काही वर्षं लागतात. वर्षातले निम्मे महिने तर बर्फातच जातात. इतक्या सबुरीनं आलेलं फूल पिकायच्या आत खुडलं तर त्या जागी नवीन रोप यायचं कुठून?

मी विचारलं, मग खाऊच नये का? त्या म्हणाल्या, तसं नाही. लागवड होते आहे, श्रीनगरच्या (काश्मीरचं नव्हे, गढवालचं श्रीनगर) विद्यापीठात उंचावरच्या वनस्पती शेतात कशा वाढवाव्यात याचा अभ्यास करणारं एक केंद्रच आहे. परसातल्या फरणला गिऱ्हाईक मिळालं तर बायका वाफे वाढवतील. गिऱ्हाइकानं विचारलंच नाही आणि स्वस्त तेच उचललं, तर पोतं घेऊन येणाऱ्याचं फावतं. मला हे पटलं. बंदी घालण्याचा मार्गही तिकडे काही ठिकाणी झाला. फुलांच्या खोऱ्यात 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि गुरं-मेंढ्या चारणं बंद झालं. पण त्यानं तिथल्या चारणाऱ्या कुटुंबांचं काय झालं हाही प्रश्न आहेच. आजींच्या वाफ्यात माझ्या मते जास्त शहाणपण आहे.

म्हणून, यात्रेला जाल तेव्हा फरण जरूर घ्या, पण परसातलं की बुग्यालातलं हे विचारून घ्या. विकणारी बाई स्वतः पिकवणारी असेल तर तिला ते विचारलेलं आवडतं. मुळासकट, गड्ड्यासकट वाळवलेलं कुणी देऊ लागलं तर घेऊ नका. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, नाहीतर वास उडतो. वापरताना तूप चांगलं तापू द्या, जिरं तडतडलं की आधी गॅस बंद करा आणि मग चिमूटभर फरण टाकून लगेच डाळीवर ओता. क्षणभर उशीर झाला तर जळून कडवट होतं. माझी पहिली फोडणी अशीच वाया गेली. उडदाच्या डाळीला आणि कुळथाच्या पिठल्याला छान लागतं. तुरीच्या गोड वरणाला मात्र शोभत नाही.

आपल्याकडेही असं काही आहे का, असं तुम्ही विचाराल. आहे. आषाढात नाशिकच्या बाजारात आदिवासी बायका फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात, कुठं तिला कुलूची भाजी म्हणतात. कांद्याच्या पातीसारखी दिसते. हीच ती सफेद मुसळी, बोरिवलीवरून शास्त्रीय नाव पडलेली. पात कापून नेली तर ती पुन्हा फुटते. औषधासाठी मुळ्या खणून खणून ती रानातून विरळ झाली आहे. मी आता जुडी घेताना बुडखा पाहते. बाजारातली एक बाई मला "बुडखेवाली ताई" म्हणू लागली आहे.

आता पुडीचं पुढं काय झालं ते सांगून थांबते. सासूबाईंनी कागदावर पुडी ओतून एकेक गेंद चाचपला आणि त्यातून पाचसहा काळसर दाणे काढले. "आपल्या निफाडला काय कमी थंडी पडते?" असं म्हणून मार्गशीर्षात त्यांनी ते कुंडीत टाकले. रोज ओंजळभर पाणी. संक्रांत झाली, होळी झाली, काही उगवलं नाही. त्यांनी एकदा माती उपसून पाहिली आणि म्हणाल्या, "कच्चं होतं गं. पिकायच्या आतच खुडलेलं."

त्या रात्रीच्या डाळीबद्दल त्या कधीच बोलल्या नाहीत. मीही विषय काढला नाही. 2023 च्या कांदेनवमीला नेहमीप्रमाणे भजी झाली, थालीपिठं झाली. सासूबाईंनी मला बरणीतलं फरण काढायला लावून त्याची फोडणी दिलेली डाळही करवली. मामंजींच्या फोटोसमोर नैवेद्याचं पान ठेवलं, त्यात मुठीनं फोडलेला एक कांदा ठेवला आणि शेजारी त्या डाळीची वाटी. जेवणं झाल्यावर मी कांद्याची टोपली बाहेरच्या खोलीत हलवत होते, तेव्हा त्यांनी फरणची बरणी स्वतः उचलून माझ्या हातात दिली.

"ही पण त्या टोपलीत ठेव," त्या म्हणाल्या, "कार्तिकापर्यंत."